वाराच्या दिवशी माती हलवू नये

लक्ष्मीनगर, खालची गल्ली, बेळगाव
४ एप्रिल

आईस पूर्णिमाचा नमस्कार.

आई, मला झोप न्हाय. डोळा लागला की पाण्यात कायतरी पडल्यागत वाटतंय. मग मी उठून स्वरूपला चाचपती. हाय का बघती. हात लागला की मग जिवात जीव येतोय.

कारण असं हाय. आमच्या दारासमोर ओपन प्लेस हाय न्हवं, तिथं संपाचा खड्डा खणलाय. संप म्हंजे जमिनीखालची पाण्याची टाकी, सगळ्या कॉलनीला मिळून एक. इथं प्लॉट घेतलेल्यांचा संघ हाय. उपेंद्र वकील अध्यक्ष, शाळेच्या विनोदिनी बाई सेक्रेटरी. दोघं वरच्या गल्लीचे. संघानं खड्डा खणला आणि मग भांडणं लागली. वरची गल्ली म्हणती पाणी आधी आम्हाला चढवा, खालती काय आपोआप उतरतंय. आमची गल्ली म्हणती खड्डा आमच्या दारात आणि पाणी तुम्हाला आधी, ह्ये कुठलं? झालं, काम थांबलं. बुजवा म्हटलं तर ज्यांनी खणला त्यांनी बुजवावा म्हणत्यात. खणला कुणी, तर संघानं. संघ कोण, तर सगळी. म्हंजे कोणच न्हाय.

वळवाचा पाऊस झाला आणि खड्डा भरला. माझ्या डोस्क्याच्या वर पाणी आसंल. कडंला काटक्या लावल्यात, त्यातनं शेरडं जात्यात तर पोरगं जाणार न्हाय व्हय?

आणि आमच्या स्वरूपसाहेबांना त्या पाण्याचं येड लागलंय. जे हाताला घावंल ते न्हेऊन टाकतोय. डुबुक वाजलं की टाळ्या पिटतोय. माझं उलथणं गेलं, वाटी गेली, परवा ह्यांची एक चप्पल गेली. एक पायात घालून ह्ये दुसरी हुडकत व्हते आणि ह्यो म्हणतोय, "पप्पा, डुबुक." हसावं का रडावं कळंना.

फोन ह्यांच्यासंगट उद्यमबागला कारखान्यात जातोय, आणि तुला फोनवर ऐकू येत न्हाय. म्हणून लिवती. कोण वाचून दाखवंल त्याला म्हणावं, कानाजवळ येऊन वाचा.

मष्णूअण्णाला ह्यातलं सांगू नगो. वास्तुशांतीला त्यो ह्यांना म्हणालाच व्हता, रानात प्लॉट घेतलासा, पाणी न्हाय, गटर न्हाय, पोरंबाळं कशी जगवणार? त्यावर ह्ये बोलू नये ते बोलले, आणि त्यो उष्ट्या हातानं उठून गेला. ह्यांनी मला शपथ घातलीया त्याच्याशी बोलायचं न्हाय म्हणून. आता ह्यो खड्डा कळला तर म्हणंल, मी काय म्हटलं व्हतं?

तब्येतीला जप.

तुझी
पूर्णिमा


निपाणी
८ एप्रिल

पुने, तुला आईचा आशीर्वाद.

शेजारची सून रचना लिवतीया. मी बिडी वळत सांगतीया आणि ती लिवतीया. तिचं अक्षर किडामुंगीगत हाय म्हणत्यात. मला वाचाय कुठं येतंय, मला समदी अक्षरं सारखीच.

पोरी, तू भिऊन काय हुणार? तुमच्या त्या संघाची मिटिंग आसंल तवा जाऊन बोल. वकील आसूदे न्हायतर कोण आसूदे, त्येलाबी आई हाय. घरात रडून भितीला काय फरक पडतोय?

स्वरूपच्या पायात बांधाय घुंगरू धाडलंय ह्या पाकिटातनं. तू रांगत व्हतीस तवा तुझ्या पायात हेच व्हतं. चुलीकडं निघालीस की वाजायचं, मी हातातलं टाकून पळत यायची. वाजंस्तवर पोरगं हाय म्हणून समज.

जावयाचं आणि मष्णूचं मला पटत न्हाय. भाऊ हाय तुझा. आता गोव्याला हाटेलात हाय, नंबर बदललाय त्यानं. नवा नंबर मी चुलीवरल्या भितीवर कोळशानं लिवून घेतलाय. पायजे तर सांग, रचना धाडंल.

तुझी आई

(ताई, मी रचना. मावशी कळू देत न्हाईत पण त्यांच्या छातीत धडधड हुतंय. डॉक्टरनी धसक्याचं कायबी त्यांच्या कानावर घालू नका म्हणून सांगितलंय. एकदम काय लिवू नका.)


लक्ष्मीनगर, बेळगाव
१७ एप्रिल

आईस नमस्कार.

घुंगरू मिळालं. बांधलं तवापासनं घरभर छुमछुम. आता चोरी केली तरी सापडतोय.

आई, मी मिटिंगला गेले! ओपन प्लेसवरच घेतली. वरच्या गल्लीचे खुर्चीवर, आम्ही खालचे बांधावर. ह्ये शिफ्टला व्हते, मी पोराला कडंवर घेऊन गेले.

भरमाआप्पा पयला उठला. म्हातारा आमच्याच गल्लीत ऱ्हातोय, ही समदी जमीन त्याचंच रान व्हतं. म्हणाला, "वकीलसाहेब, ह्या रानात पाणी कुठनं कुठं जातंय ते मला इचारा." वरचा कोणतरी म्हणाला, "आप्पा, रान इकलासा न्हवं, आता पाणी तरी सोडा." सगळी खिदळली. आप्पा म्हणाला, "रान इकलं बाबा, अक्कल न्हाय इकली. पायजे असली तर तेवढी ने, तुला उपेगी पडंल." मग आमची बाजू हसली. आसंच चाललं. वर का खाली, खाली का वर.

मग मी उठले. म्हटलं, "साहेब, पाणी कुणाला आधी ते मागनं ठरवा. माझं पोरगं रोज त्या खड्ड्यात कायतरी टाकतंय. घरातलं टाकाय काय उरलं न्हाय की सोता जाईल."

विनोदिनी बाई म्हणाल्या, "दीड तासात ही एकटी कामाचं बोलली." वकिलांनी लगेच ठरवलं. भांडण मिटंस्तवर खड्डा बुजवायचा, मग पायजे तर परत खणायचा. हात वर करा म्हणाले. दोन्ही गल्ल्यांनी केले. मला रडू आलं गं.

पर एक अडचण झालीया. जेसीबी पंचवीस तारखेला मिळतोय, आणि त्या दिवशी शुक्रवार हाय. ज्या गावच्या रानात आमची कॉलनी हाय त्या गावची लक्ष्मीची यात्रा यंदा हाय, किती वर्सांनी भरतीया. गाववाल्यांनी वार धरल्यात. मंगळवार-शुक्रवार माती खणायची न्हाय, टाकायची न्हाय, नांगर धरायचा न्हाय. वकील म्हणाले, "बुजवणं म्हणजे खणणं नव्हे." भरमाआप्पा म्हणाला, "माती ती माती." बाकीच्या कुठल्या दिवशी जेसीबी मिळत न्हाय, यात्रा होऊन जाईपर्यंत न्हाय. शेवटाला शुक्रवारच ठरला.

सांच्याला भरमाआप्पा दारात आला. स्वरूपच्या डोस्क्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरी, मी कुणाचं वाईट चिंतत न्हाय. पर दार तुझं म्होरं हाय. वाराची माती हलली तर पयलं कुठं येतंय, तूच बघ."

आई, मी काय करू? खड्ड्याचं भ्या आणि वाराचंबी भ्या. ह्यांना इचारलं तर म्हणाले, बुजतंय तर बुजू दे, वार-बीर काय न्हाय. तू सांग. तू सांगशील तसं करती.

मष्णूअण्णाचा नंबर नगो धाडू. ह्यांच्या हाताला लागला तर उगंच कालवा.

पूर्णिमा


निपाणी
२१ एप्रिल

पुने,

तुझं पत्र रचनानं दोनदा वाचून दाखवलं. बोललीस ते ऐकून छाती भरून आली. शाळंत घालून चार बुकं शिकवली ती वाया न्हाय गेली.

पर वार मोडू देऊ नगो. भरमाआप्पा म्हणतोय ते खरं हाय. यात्रा कधीतरी येती, ती काय माणसानं ठरवलेली न्हवं. आपल्या गावात वाराला कोण जातं सुदीक फिरवत न्हाय. मोठ्या लोकांचं काय, त्यांची दारं लांब हैत. देवीचा कोप येणार त्यो तुझ्या दारात. चार दिवसानं काय बिघडतंय? यात्रा झाली की बुजवा म्हणावं.

तवर पोराला नदरंआड करू नगो. घुंगरू हाय. देवीचा वार पाळल्यावर देवी काय झोपा काढती व्हय? ती राखंल.

जेसीबी आला तर म्होरं हुबी ऱ्हा. माझी शपथ हाय तुला.

आई


लक्ष्मीनगर
२५ एप्रिल, शुक्रवार

आई,

तुझं पत्र काल मिळालं, बरं झालं. आज येळंवर आलाच जेसीबी.

मी पोराला कडंवर घेऊन खड्ड्याच्या कडंला हुबी ऱ्हायले. डायव्हर म्हणाला, "आक्का, सरका." म्हटलं, "आज माती टाकायची न्हाय, वार हाय." त्यो हसला, "मला काय, डिझेल वाचलं."

विनोदिनी बाई पळत आल्या. चप्पलसुदीक घातली न्हवती. म्हणाल्या, "अगं पूर्णिमा, मिटिंगमध्ये तूच रडलीस ना?"

"व्हय बाई. पर आज न्हवं. यात्रा होऊ दे."

"आणि तोवर हा पाण्यात पडला तर?"

"मी राखती माझं पोर. बाई, तुम्ही वरच्या गल्लीत हायसा. दार माझं हाय."

त्यांनी स्वरूपच्या गालाला हात लावला. मग सावकाश म्हणाल्या, "तुझं दार, तुझं मूल. मी अजून काय बोलू?" आणि गेल्या. जेसीबी माघारी गेला. स्वरूप त्याला टाटा करत व्हता.

मागनं मला वाईट वाटलं गं, बाईंना तसं बोलले. त्या काय वाकड्या न्हाईत. भरमाआप्पानं सांच्याला वाटीभर लोणी आणून दिलं. म्हणाला, "शाणी हैस."

ह्यांना मी सांगिटलं न्हाय. ह्यांना वाटतंय संघानं जेसीबी धाडलाच न्हाय. "बघ, वरच्या गल्लीवाल्यांचा शबुद असा," म्हणाले. मी गप बसले. यात्रा झाली, खड्डा बुजला, की हसत सांगीन.

काल जरा झोप लागली. तुझं पत्र आलं म्हणून आसंल.

पूर्णिमा


निपाणी
२९ एप्रिल

पुने,

आता माझ्या जिवाला थंडावा आला. वार पाळलास, देवी तुझ्या लेकराला औक्ष देईल. मी इथं नारळ ठेवलाय तिच्या नावानं.

मी यात्रेला येतीया. ११ तारखेला सकाळची गाडी धरती. रचनाचा नवरा निपाणी स्टँडवर बसवून देणार हाय. स्वरूपला हिरवं झबलं शिवलंय, पर रचना म्हणती मावशी, तीन वर्साच्या पोराला झबलं कोण घालतंय? म्हणून त्याचाच सदरा करून घेतला. घुंगराचा आवाज ऐकत दारातनं आत यायचं माझ्या मनात हाय. कानाजवळ आला तर ऐकू येईल मला.

आई

(ताई, मी रचना. मावशी उठून चुलीकडं गेल्या म्हणून लिवती. मागल्या पत्राच्या वेळी मला लिवायचं होतं की खड्डा बुजवून घ्या, वाराचं मनावर घेऊ नका. पण मावशी कागदावर बोट ठेवून बसल्या होत्या, कुठं काय लिवलीस सांग म्हणत होत्या. मला धीर झाला न्हाय. अजून बुजत असला तर बुजवा ताई. मी उद्या बाळंतपणाला माहेरी चाललेय. आता तुमची पत्रं कोण वाचंल माहीत न्हाय, पोस्टमन न्हायतर गल्लीतलं कोणतरी वाचंल.)


लक्ष्मीनगर, बेळगाव
५ मे

हे पत्र जे कोण उघडंल त्यांनी मोठ्यानं वाचायचं न्हाय. मनातल्या मनात वाचा. आई म्होरं बसली आसंल, तुमच्या तोंडाकडं बघत आसंल. तिला सांगा, पुनी बरी हाय, जावई बरं हैत. स्वरूपबी बरा हाय म्हणा. तोंड पडू देऊ नगा. तिला ऐकू कमी येतंय पर तोंड वाचती ती.

स्वरूप गेला.

खड्ड्यात गेला. गुरुवारी, एक तारखेला, दुपारी.

टँकर आलता. आठ दिसांनी आलता म्हणून दोन्ही गल्ल्यांतल्या बायका घागरी घेऊन लायनीत. त्यो झोपला व्हता. घुंगरू मी काढून उशाला ठेवलं व्हतं, घामानं पाय लाल झाला व्हता, झोपंत टोचतंय म्हणून. दाराला कडी घातली व्हती. मागल्या दाराची आतली कडी त्यानं पाट सरकवून, वर चढून काढली आसंल.

माझी घागर नळीखाली व्हती. डुबुक वाजलेलं मी ऐकलं. खरं सांगती, मी ऐकलं. मला वाटलं, उठून भाईर आला आणि परत कायतरी टाकलं ह्यानं. मी तिथनंच वरडले, "आज काय टाकलास रं मुडद्या?" बायका हसल्या. मीबी हसले. आणि घागर भरूस्तवर थांबले.

त्याला शेवटाला मी ह्येच बोलले.

पाण्यात पयली उडी विनोदिनी बाईंनी टाकली. साडी नेसून टाकली. त्यांना पोहता येत न्हाय, हे आम्हाला त्यांना वर काढल्यावर कळलं. पोराला दुसऱ्यांनी काढला. दवाखान्यात न्हेला, पर काय न्हवतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार व्हता, वार व्हता. आणि त्याच दिवशी खड्डा बुजवला. जेसीबी न्हवता. वरची गल्ली, खालची गल्ली, सगळी फावडी-बुट्ट्या घेऊन आली. आधी पंप लावून पाणी काढलं. तळाला माझं उलथणं सापडलं. वाटी, दोन चमचे, ह्यांची चप्पल. कोणतरी ती समदी धुऊन माझ्या उंबऱ्यावर मांडून ठेवली. मातीची पयली बुट्टी भरमाआप्पानं टाकली. वार कुणी काढला न्हाय तोंडातनं. इतक्या दिवसांत न मिटलेलं दुपारपर्यंत बुजलं. त्याच दिवशी पोस्टमननं आईचं पत्र आणून दिलं, देवी औक्ष देईल म्हणून लिवलेलं.

आता दुसरं ऐका. माझ्या नवऱ्याला माहीत न्हाय. त्यांना वाटतंय संघानं जेसीबी धाडला न्हाय म्हणून पोरगं गेलं. कामाला जात न्हाईत. रोज सकाळी वकिलांच्या दारात जाऊन हुबं ऱ्हात्यात आणि शिव्या देत्यात. "जेसीबी का धाडला न्हाय? माझं पोरगं खाल्लंसा!" वकील भाईर येत्यात, मान खाली घालून समदं ऐकून घेत्यात. एक शब्द बोलत न्हाईत. म्हणत न्हाईत, अरे धाडला व्हता, तुझ्या बायकोनं माघारी लावला. विनोदिनी बाई बोलत न्हाईत. भरमाआप्पा दार लावून बसलाय. टँकरच्या लायनीतल्या बायकांतली एकबी बोलत न्हाय. अख्ख्या कॉलनीनं तोंड शिवलंय माझ्यापायी.

काल मी विनोदिनी बाईंना म्हटलं, "मी सांगती त्यांना. त्या देवमाणसाला किती शिव्या खाऊ द्यायच्या?" बाई म्हणाल्या, "खाऊ दे. त्यांना झेपतंय. तू सांगितलंस तर तो तुझं काय करेल, आणि स्वतःचं काय करेल?" म्हणून भिऊन गप हाय. काल जाताना ह्यांनी कारखान्यातनं आणलेली सळी हातात घेतली व्हती. वकिलांवर उगारली न्हाय, नुसती धरून हुबे व्हते. उद्याचं मला सांगता येत न्हाय.

मला आता झोप लागती. पडले की लागती. राखायला कोण न्हाय न्हवं. त्या झोपंचीच मला शिसारी येती.

तुम्ही कोण हायसा मला ठावं न्हाय. पोस्टमन आसाल, गल्लीतलं कोण आसाल. तुमच्या पाया पडती, एवढं करा.

आई ११ तारखेला गाडीत बसणार हाय. हिरवा सदरा घेऊन, घुंगराचा आवाज ऐकायला. तिला बसू देऊ नगा. तिच्या छातीत धडधड हुतंय, स्टँडवरनं एकटी चालत माझ्या दारापर्यंत आली तर ती दारातच जाईल. आणि न्हाय गेली तर इचारंल, वार पाळला व्हतास न्हवं? तवा मी काय सांगू? पत्रात लिवलेलं तुम्ही तिला वाचून दाखवू नगा, पर ती आपणहून सांगंल कुणालातरी, मी वार पाळाय सांगिटला म्हणून. कौतुकानं सांगंल. तवा तुम्ही नुसती मान हलवा.

माझा भाऊ मष्णू, गोव्याला हाटेलात हाय. त्याचा नंबर माझ्याकडं न्हाय, मीच नगो म्हटलं व्हतं. आईच्या सैपाकघरात जावा. पाणी मागा, ती घागरीकडं वळंल. चुलीवरल्या भितीवर कोळशानं लिवलेला नंबर हाय. धुरानं एखादा आकडा गेला आसंल तर बोटानं जरा पुसून बघा, खाली दिसंल.

त्याला म्हणावं, आईजवळ ये आधी, माझ्याकडं मागनं. तिचं डोकं मांडीवर घेऊन सांग की पोरगं तापानं गेलं. तीन दिस ताप व्हता, डॉक्टरनी लई केलं, म्हणून सांग. खड्डा आधीच, वार सोडून, बुजवला व्हता म्हण. मग तिला घेऊन हिकडं ये, आणि ह्यांचा हात धर. ह्ये शिवी देतील, तरी धर. शपथ मी मोडली म्हणावं, माझ्यावर घाल.

त्यो इचारंल, पुनी सोता का बोलली न्हाय? तर म्हणावं, 'मी म्हटलं व्हतं न्हवं' असं तू एकदाबी म्हणणार नसशील तरच ये.

पत्र वाचून झालं की चुलीत घाला. आणि भाईर पडल्या पडल्या, गल्लीच्या तोंडाला गेल्यावर, माझ्या भावाला फोन करा.